सासूचा श्रावण, सुनेचा सावन

पत्र : माझं वय ६३. आम्ही इंदूरला लोकमान्यनगरात राहतो. मुलाच्या लग्नाला दोन वर्षं झाली. सून उज्जैनची, माळवी घरातली, बँकेत नोकरी करते. स्वभावाने गोड आहे, तक्रार म्हणून लिहीत नाही. पण गेल्या जुलैत मी आषाढ तळायला घेतला होता, एका कढईत कापण्या, दुसरीत कांदाभजी, आणि ती दारातूनच म्हणाली, "मम्मीजी, सावन लग गया, आज तो सोमवार है." आमचा श्रावण लागायला अजून अकरा दिवस होते! मी म्हटलं, बरं, मग तू दोन्हीकडचं कर. तिने केलं. तिच्याकडचे सोमवार, आमच्याकडचे सोमवार, हरियाली तीज, मंगळागौर. २७, २८, २९ जुलै असे लागोपाठ उपास पडले आणि मंगळवारी तिला बँकेत चक्कर आली. मुलगा माझ्याशी धड बोलेना. वटसावित्रीचंही तसंच, ती अमावास्येला वड पुजते, मी पौर्णिमेला. पुण्याच्या वन्सं फोनवर म्हणतात, "आपल्या घरात आली ना, मग आपलंच करायचं." खरा श्रावण कोणता? तिने एक सोडलं तर दोष लागतो का? आणि आमच्या ह्यांना बारा वर्षांपासून साखर आहे, तरी संकष्टी-एकादशी सोडत नाहीत. दिवसभर साबुदाणा आणि चहा. त्यांना कसं सांगायचं?
– एक सासू, इंदूर

ताई,

तुमचाही श्रावण खरा आणि तिचाही सावन खरा. तुमची समजूत काढायला म्हणत नाही, हिशेबच तसा आहे.

आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, आंध्र, तेलंगण इथली ही रीत, तिला अमान्त म्हणतात. माळव्यात, राजस्थानात, उत्तर प्रदेशात आणि बिहारात महिना पौर्णिमेला संपतो, ती पौर्णिमान्त. चंद्र तोच आणि तिथीही तीच. पंचमी दोघांची एकाच दिवशी पंचमी. शुक्ल पक्षात तर महिन्याचं नावही सारखंच असतं. घोळ होतो तो फक्त वद्य पक्षात. पौर्णिमा उलटली की सुनेकडचे लोक पुढच्या महिन्याचं नाव घेतात आणि आपण अमावास्येपर्यंत जुन्याच महिन्यात रेंगाळतो. म्हणजे तिचा सावन हा आपला आषाढ वद्य अधिक श्रावण शुद्ध. आपला श्रावण म्हणजे श्रावण शुद्ध अधिक श्रावण वद्य. मधला पंधरवडा दोघींचा सामाईक. नागपंचमी, हरियाली तीज, नारळी पौर्णिमा, राखी हे सगळं त्यातच येतं, म्हणून त्या दिवसांवरून तुमच्या घरात कधी वाद झाला नसेल.

गंमत अशी की ज्या सणांवर तुम्हां दोघींचं एकमत आहे, त्यांतल्या कित्येकांचे महिने तुमच्या दोघींच्या पंचांगांत वेगळे छापलेले असतात. गोकुळाष्टमी आपली श्रावण वद्य अष्टमी, त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी. महाशिवरात्र आपल्या माघात, त्यांच्या फाल्गुनात. लक्ष्मीपूजन आपण आश्विन अमावास्येला करतो, ते कार्तिक अमावास्येला. दिवस एकच. आणि आपल्या इंदूरची रंगपंचमी? राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा अर्धं शहर फाल्गुन वद्य पंचमीला रंग खेळत असतं आणि अर्धं चैत्र कृष्ण पंचमीला. पाण्याच्या टँकरखाली भिजताना कोणी महिना विचारत नाही. उलट कोड्यात पडायचं तर त्यांनी पडावं. पौर्णिमान्त हिशेबात चैत्र लागून पंधरा दिवस झाल्यावर, म्हणजे आपल्या गुढीपाडव्याला, नवीन वर्ष सुरू होतं. महिना जुन्या वर्षात सुरू होतो आणि नव्यात संपतो. तरी त्यांचं काही अडलेलं नाही.

सोमवार मात्र तिथीवर चालत नाहीत, महिन्याच्या नावावर चालतात. म्हणून तुमची पंचाईत तिथेच झाली. २०२५ मध्ये तिचे सोमवार १४, २१, २८ जुलै आणि ४ ऑगस्ट. तुमचे २८ जुलै, ४, ११ आणि १८ ऑगस्ट. दोन सोमवार सामाईक होते, पण तिने दोन्हीकडचं धरलं म्हणजे सहा सोमवार झाले. वर मंगळागौरीचे चार मंगळवार आणि तीज. रविवारी तीज, सोमवारी सोमवार, मंगळवारी गौर. बँकेत आठ तास काउंटरवर बसणाऱ्या मुलीला तिसऱ्या दिवशी चक्कर येणारच. तिला "दोन्हीकडचं कर" म्हणताना तुमच्या मनात मोठेपणा असेल, ते मी मान्य करते. पण उपास तिच्या पोटाला घडले आणि समेट तुमच्या मनाला लाभला. मुलगा गप्प बसला त्याचं कारण हेच असावं.

आता उज्जैनकडे बघा, तिच्या माहेरी. सावनात महाकालाची सवारी दर सोमवारी दुपारी निघते. मंदिराच्या दाराशी पोलिसांची तुकडी सलामी देते, पालखी रामघाटावर जाते, तिथे क्षिप्रेच्या पाण्याने अभिषेक होतो आणि गोपाळ मंदिरावरून पालखी परतते. सुनेने लहानपणापासून रस्त्याच्या कडेला उभं राहून ती पाहिली असेल. २०२५ मध्ये पहिली सवारी १४ जुलैला निघाली, म्हणजे माळवी सावनाच्या पहिल्या सोमवारी. पण तिच्या सावनाचे चार सोमवार संपल्यावर सवाऱ्या थांबल्या नाहीत. ११ ऑगस्टला पाचवी निघाली, १८ ऑगस्टला सहावी, सगळ्यांत मोठी, तिला पूर्वी शाही म्हणत, आता राजसी म्हणतात. आणि १८ ऑगस्ट हा तुमच्या कालनिर्णयातला शेवटचा श्रावणी सोमवार! त्यांच्या हिशेबी तो भाद्रपद, आपल्या हिशेबी श्रावण. उज्जैनचे जुने लोक सांगतात की ही मराठ्यांच्या वेळची वहिवाट. महाकालाचं आजचं मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी उभारलं, तेव्हा त्या सांगण्यात तथ्य असणार. तुमच्या स्वयंपाकघरातला वाद महाकालाच्या दारात कित्येक पिढ्यांपूर्वी आला आणि मिटलासुद्धा. पालखी सहाही सोमवारी निघते. पण लक्षात घ्या, पालखी वाहणारे खांदे बदलतात. सहाही सोमवार एकट्या मुलीने उपाशी राहावं असं तिथे कोणी म्हटलेलं नाही.

यंदासाठी माझा सल्ला सरळ आहे. २०२६ मध्ये तिचे सोमवार ३, १०, १७, २४ ऑगस्ट. तुमचे १७, २४, ३१ ऑगस्ट आणि ७ सप्टेंबर. तिने तिचे चार धरावेत, लहानपणापासून धरत आली आहे ते. १७ आणि २४ ला दोघी मिळून उपास करा, संध्याकाळी एकत्र सोडा. ३१ आणि ७ ला तुम्ही उपास करा, तिने जेवावं. तिने आपल्या घरचं काही करावं अशी तुमची इच्छा असेल, आणि ती असण्यात काही वावगं नाही, तर शिवामूठ आहे ना! लग्नानंतर पहिली पाच वर्षं श्रावणी सोमवारी महादेवाला मूठ वाहायची असते, पहिल्याला तांदूळ, मग तीळ, मग मूग, मग जव, पाचवा आलाच तर सातू. मुठीला पाच मिनिटं लागतात आणि जेवून ऑफिसला जाणाऱ्या मुलीलाही ती वाहता येते. मंगळागौरही चारही मंगळवारी जागवायची गरज नाही. एखादा मंगळवार सुट्टी बघून थाटात करा, फुगड्या-झिम्मा खेळा, तिच्या उज्जैनच्या बहिणींना बोलवा. बाकीच्या मंगळवारी नुसती पूजा, जेवण नेहमीचं.

आणि आषाढ तळण्याबद्दल. आषाढ वद्यात तुमच्या घरी कढई तापते आणि त्याच वेळी तिच्या मनात सावन असतो, कांदा-लसूण बंद असतं. कापण्यांना तिची हरकत नसेल, गूळ-गव्हाचा पदार्थ आहे, तोही तिने सोमवार सोडून खावा. कांदाभजी मात्र आषाढ शुद्धात, तिचा सावन लागायच्या आधी उरकून टाका. कांदेनवमी त्यासाठीच तर आहे.

वटसावित्रीचं प्रकरण थोडं वेगळं, कारण तिथे नुसतं महिन्याचं नाव बदलत नाही, तिथीच वेगळी आहे. ज्येष्ठातली अमावास्या आणि ज्येष्ठातली पौर्णिमा, दोन्ही तिथ्या धर्मग्रंथांत आल्या आहेत. उत्तरेने अमावास्या उचलली, महाराष्ट्र-गुजरातने पौर्णिमा. तुमच्या वन्संना "आपलं तेच शास्त्र" असं वाटत असेल, तर त्यांना सांगा की आपले निबंधकार, म्हणजे धर्मशास्त्रातली वचनं एकत्र करून निर्णय देणारे पंडित, इतके एककल्ली नव्हते. निर्णयसिंधु लिहिणारे कमलाकरभट्ट मूळ पैठणच्या घराण्यातले, पण काशीत राहून १६१२ मध्ये त्यांनी तो ग्रंथ पुरा केला. म्हणजे मराठी घर आणि उत्तरेचं पंचांग यांच्या मधोमध बसूनच ते निर्णय देत होते, तुमच्यासारखेच म्हणा ना. या सगळ्या निबंधग्रंथांत जिथे दोन वचनं समोरासमोर येतात, तिथे देशाचार आणि कुलाचार यांना मान दिलेला आहे. सुनेचा कुलाचार कोणता, तर तो लग्नाने बदलतो असं म्हणणारे म्हणतील. पण तिने आईबरोबर वडाला सूत गुंडाळलंय ते अमावास्येला. ते मोडायला लावून तुम्हाला काय मिळणार?

यंदा तर अधिक ज्येष्ठ मध्ये आला आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे तिची वटअमावास्या १६ मेला आणि तुमची वटपौर्णिमा थेट २९ जूनला. एरवी पंधरा दिवसांचं अंतर असतं, यंदा दीड महिना. तिने तिचं व्रत १६ मेला करावं, तुम्ही तिच्याबरोबर वडापाशी जा, पाणी घाला. २९ जूनला तिने तुमच्याबरोबर यावं, फेरे मारावेत, वाण द्यावं, आणि घरी येऊन जेवावं. व्रत एकदा झालं, ते पुन्हा उपाशी राहून दुप्पट होत नाही. (अधिक महिन्याचा विषय निघालाच आहे तर, जावयाला तेहतीस अनारशांचं वाण हा मराठी घरांतला रिवाज. तिच्या माहेरी पुरुषोत्तम मासात कथा आणि दानधर्म असतो, जावयाचं वाण बहुधा माहीत नसेल. ते आलं नाही म्हणून मनात काही धरू नका, आणि वन्संना तर मुळीच सांगू नका.)

दोघींचं एकच असलेलं व्रत हवं असेल तर ते हरतालिका. भाद्रपद शुद्ध तृतीया, शुक्ल पक्ष, म्हणून दोघींच्या पंचांगांत महिना आणि दिवस एकच. माळव्यातही ते मोठं व्रत आहे. वाळूची किंवा मातीची पार्वती आणि सखी, पत्री, रात्रीचं जागरण, सगळं दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की माळव्यात निर्जळा करण्याचा आग्रह जास्त आणि आपल्याकडे बऱ्याच घरांत फळं-दूध चालतं. करवा चौथ तिची असेल, पण त्या रात्री तुमच्याही घरी संकष्टीचं ताट चंद्रासाठी अडलेलं असतं, कारण ती आपली आश्विन वद्य चतुर्थीच. गच्चीवर दोघींनी बरोबरच जा. चंद्रोदयाची वेळ मात्र मुंबईची धरू नका. इंदूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे तीन अंशांवर आहे, म्हणजे आपल्याकडे चंद्र सुमारे बारा मिनिटं आधी वर येतो, ऋतुमानाने थोडं मागेपुढे. उपाशी माणसाला बारा मिनिटं फार असतात.

दोष लागतो का, या प्रश्नावर मी उगाच तत्त्वज्ञान सांगत नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात एक श्लोक आहे, पुढे व्रतांच्या ग्रंथांनीही तो घेतला. आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असं तो सांगतो : पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध. यात पाणी पहिलं आणि औषध शेवटचं. म्हणजे सुनेने हरतालिकेला पाणी प्यायलं, दूध घेतलं, तरी व्रत शाबूत. शिवाय आजारपणात नवऱ्याच्या वतीने बायकोने, बायकोच्या वतीने नवऱ्याने, आईवडलांच्या वतीने मुलाने व्रत करावं अशी सोयही शास्त्रात आहे. आणि कायमचं सोडायचं असेल तर उद्यापन आहे. व्रत धरण्याचा जसा विधी, तसा ते सोडण्याचाही. आपल्या बायका धरतात हौसेने आणि सोडायला घाबरतात.

हाच श्लोक तुमच्या यजमानांच्या हाती द्या, कारण मला खरी काळजी त्यांची वाटते. सुनेची चक्कर जेवणाने उतरली. बारा वर्षांच्या साखरेला दिवसभर साबुदाणा आणि चहा ही गोष्ट मात्र साधी नाही. साबुदाण्यात जवळजवळ सगळं पीठच. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून जास्त कर्बोदकं असतात आणि प्रथिनं नावापुरती. एक वाटी खिचडी खाल्ली की साखर झपकन चढते, मग संध्याकाळपर्यंत काही नाही, आणि त्यात साखर उतरवणारी गोळी किंवा इन्शुलिन घेतलेलं असेल तर ती नको इतकी खाली येऊ शकते. दरदरून घाम, हातांची थरथर, जीव घाबरा होणं, बोलण्यात असंबद्धपणा अशी लक्षणं दिसली की लगेच तपासावं. ७० च्या खाली आकडा असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून तिथल्या तिथे द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. चंद्रोदयाची वाट बघू नये. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

त्यांना "उपास सोडा" म्हणाल तर ते ऐकणार नाहीत. त्या वयाच्या माणसाला ते त्याच्या आईला सोड म्हटल्यासारखं लागतं. ताटातलं बदला. साबुदाण्याऐवजी भगर, तुमच्या सुनेच्या भाषेत मोरधन, पण तीही वाटीभरच, बरोबर दाण्याची आमटी आणि दही. राजगिऱ्याची भाकरी, लाल भोपळ्याची किंवा काकडीची भाजी. बटाट्याचा कीस आणि रताळी बेताने. चहात साखर नको, ते ठाऊक असेलच. एकदम न खाता दर तीन-चार तासांनी थोडं थोडं. मीठ तुमच्या घरी साधं घालत असाल तर सुनेसाठी सैंधव घाला, म्हणजे एकच खिचडी दोघींना चालेल, उगाच दोन पातेली कशाला. फक्त सैंधव आहे म्हणून ब्लडप्रेशरवाल्याने मूठभर घालू नये, तेही मीठच आहे.

आणि गोळ्यांची वेळ आणि मात्रा त्यांनी स्वतः ठरवायची नाही, तुम्हीही नाही. "उपास आहे म्हणून आज गोळी नको" हे वाक्य मी इंदुरात शंभर घरांत ऐकलं आहे. वर्षाच्या चोवीस एकादश्या, अधिक महिन्याच्या वर्षी सव्वीस, आणि दर महिन्याची संकष्टी, यांची यादी कालनिर्णयातून काढून डॉक्टरांकडे न्या आणि त्या दिवशी कोणती गोळी, किती, हे कागदावर लिहून घ्या. डॉक्टरांनी संकष्टी चालेल पण एकादशी नको, असं म्हटलं तर त्यांची एकादशी मुलाने धरावी. तो आईशी अबोला धरू शकतो, तर बाबांसाठी महिन्यातून दोन दिवस उपासही धरू शकतो.

सुनेला माझं एक सांगा. तिला घरात "मम्मीजी, सावन लग गया" म्हणायची भीती वाटू नये म्हणून तिच्या माहेरचं लाला रामस्वरूपचं पंचांगही आणून कालनिर्णयाशेजारी टांगा. दोन्ही समोर असली की श्राद्धाच्या तिथीचाही घोळ होणार नाही. हा घोळ इकडच्या घरांत फार होतो बरं का. माणूस वद्य पक्षात गेला असेल तर आपला भाद्रपद त्यांचा आश्विन असतो, आणि तिथी एका पद्धतीने लिहिलेली दुसऱ्या पद्धतीने वाचली की वर्षश्राद्ध महिनाभर चुकतं. तुमच्या घरच्या ज्या तिथ्या वहीत असतील त्यांच्यापुढे इंग्रजी तारीख आणि वर्ष आजच लिहून ठेवा, आणि गुरुजींना सांगताना दोन्ही सांगा.

वन्संच्या फोनचं म्हणाल तर पुढच्या वेळी तो सुनेकडेच द्या. ती बँकेत रोज अशा गिऱ्हाइकांशी बोलते.